एका खेपेत मावणारा संसार

हिंगोली जिल्ह्याच्या सेनगाव तालुक्यात पुसेगाव आहे. सेवागिरी महाराजांच्या यात्रेमुळे महाराष्ट्रभर माहीत असलेले साताऱ्याकडचे पुसेगाव ते निराळे. १ मे १९९९ रोजी परभणीतून वेगळा झालेला हा जिल्हा शेतीवर जगणारा आहे. सोयाबीन, तूर, कापूस आणि हळद ही इथली पिके. अशा मुलखात गावकऱ्याला आपले घर असते, मग ते कितीही लहान का असेना. भाड्याच्या दोन खोल्या शोधत येतो तो बहुधा नोकरीमुळे बाहेरून आलेला माणूस: शिक्षक, ग्रामसेवक, तलाठी, परिचारिका, बँकेतला कर्मचारी, वीज कंपनीचा वायरमन. यांतल्या अनेकांचा लग्नानंतरचा पहिला संसार अशाच गावात मांडला जातो. पुढे एक खोली, मागे स्वयंपाकघर, बाजूला न्हाणी, वर स्लॅब किंवा पत्रे. हाताशी पैसा किती असतो याचा एक पक्का आकडा आपल्याकडे आहे. प्राथमिक शाळेत नव्याने लागलेल्या शिक्षण सेवकाला पहिली तीन वर्षे ठरावीक मानधनावर काढावी लागतात. हे मानधन पूर्वी महिना ६,००० रुपये होते, २०२३ मध्ये ते १६,००० झाले. यातून भाडे, किराणा, मोटारसायकलचे पेट्रोल आणि गावाकडे पाठवायचे पैसे वजा केले, की घर सजवायला जे उरते ते मोजून खर्च करावे लागते. शिवाय भाडेकरार बहुतेक अकरा महिन्यांचा आणि डोक्यावर बदलीची शक्यता. म्हणून माझे म्हणणे असे, की या पैशाचा पहिला वाटा उष्णता, उजेड आणि मोकळी जमीन यांवर खर्च व्हावा. आणि पहिल्या काही वर्षांत सामान एवढेच जमवावे, की घर बदलताना ते ‘छोटा हत्ती’ टेम्पोच्या एकाच खेपेत जाईल.

जमिनीपासून सुरुवात करू, कारण तिथे वादाला फारशी जागा नाही. दहा बाय दहाची खोली म्हणजे १०० चौरस फूट. लग्नात येणारा दोघांचा पलंग ५ बाय साडेसहाचा धरला तर साडेबत्तीस फूट गेले. लोखंडी कपाटाला साडेचार आणि त्याचे दार उघडायला आणखी तेवढेच. तिघांचा सोफा १५, त्याच्या दोन खुर्च्या साडेबारा, मधला टीपॉय साडेचार, टीव्हीचे शोकेस ६. ही बेरीज साडेएकोणऐंशी होते. उरलेल्या वीस फुटांत खोलीचे दार उघडायचे, केर काढायचा, पाहुण्यांना जेवायला बसवायचे आणि पुढे मूल झाले की ते रांगायचे. पाण्याची टाकी किंवा ड्रम यात अजून धरलेलाच नाही, आणि नळाला रोज पाणी न येणाऱ्या गावात तो टाळता येत नाही. ही खोली लहान असते असे आपण म्हणतो, पण तिचे पाचांतले चार भाग आपणच सामानाला देऊन टाकलेले असतात.

मराठवाड्यातल्या जुन्या माळवदाच्या घराने हा प्रश्न फार शहाणपणाने सोडवला होता. त्या घरात सामान भिंतीत आणि भिंतीवर राहायचे. दिव्यासाठी देवळी, किडुकमिडुक ठेवायला कोनाडे, कपड्यांना खुंट्या आणि वळणी, भांड्यांना फडताळ, धान्याला एकावर एक मडक्यांची उतरंड. बाज दिवसा भिंतीला उभी करून ठेवली की झोपायची जागा कामाची व्हायची. एकाच जमिनीवर सकाळी दळण, दुपारी निवडण, संध्याकाळी पंगत आणि रात्री अंथरूण. आज देवळ्या नाहीत, पण लोखंडी रॅक, भिंतीवरची मांडणी आणि दाराच्या मागची खुंट्यांची पट्टी तेच काम करतात, आणि यातली प्रत्येक वस्तू सोडवून नेता येते. यावर एक रास्त आक्षेप आहे. या भागात विंचू-काट्याची भीती खरी आहे, पावसाळ्यात फरशीला ओलही येते, तेव्हा नव्या जोडप्याने जमिनीवर झोपावे हा सल्ला बरा नव्हे. तो मी देतही नाही. झोपायला उंची हवीच. मात्र ती घडीच्या दोन लोखंडी खाटांनी मिळते. रात्री त्या जोडून ठेवाव्यात, दिवसा एक भिंतीशी बसायला आणि दुसरी घडी करून उभी. भारी पलंग गावाकडच्या मोठ्या घरात राहू द्यावा. सणावाराला तिथे गेल्यावर तो वापरातही येतो.

आता छप्पर. घरातल्या सुखदुःखाचा सर्वांत मोठा भाग इथे ठरतो, आणि सजावटीच्या यादीत नेमके हेच नसते. लग्ने जास्त करून उन्हाळ्यात होतात. जोडपे घरात पाऊल टाकते तेव्हा हिंगोलीकडे पारा चाळिशीच्या पुढे असतो. जुन्या माळवदावर पांढऱ्या मातीचा जाड थर असे. तो दिवसभर ऊन रिचवायचा आणि खोलीत उष्णता उतरायला उशीर लावायचा. पण ३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारीच्या भूकंपात दगडमातीच्या भिंती आणि वरचे जड माळवद हेच हजारो माणसांच्या मृत्यूला कारण ठरले. त्यानंतर मराठवाड्याचा त्या बांधणीवरचा विश्वास उडाला. पत्रे आणि स्लॅब स्वस्त आणि सोपेही होत गेले होते. भीती योग्यच होती, पण तिच्यासोबत थंडावाही गेला. उघडा पत्रा मे महिन्याच्या दुपारी साठ अंशांपलीकडे तापू शकतो आणि खाली बसलेल्या माणसावर सरळ उष्णता फेकतो. स्लॅब दिवसभर तापतो आणि ती उष्णता रात्री खोलीत सोडतो, म्हणून दहा वाजताही पंख्याखाली गरमच वारा लागतो. अशा खोलीत कितीही सुंदर पडदे लावले तरी त्यात कोणी बसणार नाही. माणसे ओट्यावर जाऊन बसतील.

उपाय माहीत असलेला आहे आणि महागही नाही. पांढरा पृष्ठभाग सूर्याचा बराचसा प्रकाश परत पाठवतो, त्यामुळे छत मुळात कमी तापते. अहमदाबाद शहराने २०१० च्या जीवघेण्या उष्णतेच्या लाटेनंतर २०१३ मध्ये उष्णता कृती आराखडा केला आणि २०१७ पासून गरीब वस्त्यांतली छपरे पांढरी करण्याचे काम हाती घेतले. शेजारच्या तेलंगणाने तर २०२३ मध्ये शीत छपरांचे स्वतंत्र धोरणच जाहीर केले. अशा छपराखाली खोलीचे तापमान साधारण दोन ते पाच अंशांनी उतरते असा अनुभव आहे. दोन अंश ऐकायला कमी वाटतात, पण झोप लागणे आणि न लागणे यातला फरक तेवढाच असतो. स्लॅब असेल तर होळीच्या सुमारास तो झाडून, धुऊन, चिकटा मिसळलेल्या चुन्याचे दोन-तीन हात द्यावेत. पावसात चुना धुपतो, म्हणून दर वर्षी तो पुन्हा लावायचा. पत्र्यावर चुना टिकत नाही आणि जस्ताला मानवतही नाही. तिथे बाहेरच्या वापराचा पांढरा, ऊन परतवणारा रंग घ्यावा. तेही जमत नसेल तर कृषी सेवा केंद्रात मिळणारी शेडनेट पत्र्यापासून फूट-दीड फूट वर ताणावी. मधून हवा खेळली पाहिजे, जाळी पत्र्याला टेकली तर निम्मा उपयोग जातो. थर्माकोल मात्र छताखाली लावू नये. तो पटकन पेट घेतो, आणि स्वयंपाकघर भिंतीपलीकडेच असते.

खिडकीचेही तेच शास्त्र आहे. ऊन काचेतून आत आले की पडदा ते अडवत नाही, पडदाच तापतो आणि खोलीही तापवतो. सावली बाहेर हवी. पश्चिमेच्या खिडकीवर बाहेरून बांबूचा तट्टा किंवा वाळ्याचा पडदा टांगावा. वाळ्यावर दुपारी पाणी शिंपडले तर कोरड्या हवेत त्याचा गारवा आणि वास दोन्ही मिळतात. कूलर याच तत्त्वावर चालतो, म्हणून एप्रिल-मेमध्ये तो उत्तम काम करतो आणि जुलैच्या दमट हवेत नुसता आवाज करतो. कूलर लावताना समोरची खिडकी थोडी उघडी ठेवावी लागते, हे विकणाऱ्याने सांगितलेले नसते. बंद खोलीत तो ओल साठवतो. पाण्याच्या टंचाईत रोज कूलरची टाकी भरणे हा आणखी एक भार. १८० वॅटचा कूलर दिवसाला दहा तास चालला तर महिन्याला ५४ युनिट होतात. छपराला एकदा रंग दिला की त्याला रोज पाणी लागत नाही आणि बिलही येत नाही. पैसे उरलेच तर ते कमी वीज खाणाऱ्या पंख्यात घालावेत. जुना पंखा ७५ वॅटचा, नवा बीएलडीसी पंखा साधारण ३० वॅटचा. रोज सोळा तास धरले तर महिन्याला एकवीस-बावीस युनिट वाचतात, शिवाय तो सोडवून पुढच्या घरी नेता येतो.

छपराचा विषय निघाला आहे तर उंचीवर काय ठेवावे हेही इथेच सांगतो. २१ मार्च २०२४ च्या पहाटे हिंगोलीला ४.५ तीव्रतेचा धक्का बसला, १० जुलैलाही तेवढाच. वाऱ्याने पत्रे उडू नयेत म्हणून त्यांवर दगड ठेवण्याची इथे सवय आहे. ते दगड काढून ठेवा, असे आवाहन त्या वेळी शेजारच्या नांदेड जिल्ह्याच्या प्रशासनाने केले होते. खोलीत शिरल्यावर पहिल्याच दिवशी घरमालकाला दगडांऐवजी हुक आणि नट-बोल्ट लावायला सांगावे. खाटेच्या डोक्याशी काचेची मोठी तसबीर नको, पितळेचे हंडे माळ्यावर नकोत, आणि उंच कपाट असेल तर ते भिंतीला पट्टीने बांधून घ्यावे. यात खर्च जवळपास काहीच नाही.

घर दुसऱ्याचे, मग छपराचा खर्च आपण का करावा? हा प्रश्न प्रत्येक भाडेकरू विचारतो आणि तो अगदी योग्य आहे. माझे पहिले उत्तर हे, की त्या छताखाली घाम आपला गळतो. दुसरे उत्तर कायद्यात आहे आणि ते फार थोड्यांना माहीत असते. मालमत्ता हस्तांतरण कायदा, १८८२ च्या कलम १०८ प्रमाणे, करारात वेगळे काही ठरले नसेल तर, मालकाच्या जबाबदारीची दुरुस्ती सूचना देऊनही वाजवी वेळेत झाली नाही तर भाडेकरू ती स्वतः करून खर्च भाड्यातून वळता करू शकतो. त्याच कलमाप्रमाणे भाडेकरूने स्वतः बसवलेल्या वस्तू त्याला काढून नेता येतात, फक्त जागा होती तशी ठेवली पाहिजे. पंखा, मांडणी, पडद्याची दांडी यांचा प्रश्न इथेच मिटतो. चुना ही दुरुस्ती नव्हे, तेव्हा त्याचा खर्च वळता करण्याचा हक्क सांगता येणार नाही, पण त्याने मालकाचेच छप्पर टिकते हे समजावून निम्मा खर्च मागता येतो. हे सगळे लेखी असले तरच उपयोगाचे. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ जिथे लागू असेल तिथे त्याचे कलम ५५ भाडेकरार लेखी आणि नोंदणीकृत हवा असे सांगते आणि नोंदणीची जबाबदारी मालकावर टाकते. नोंदणी नसेल तर अटींबाबत भाडेकरूचे म्हणणे खरे धरले जाते, मालकाला ते खोटे ठरवावे लागते. गावात तोंडी व्यवहार चालतो आणि बहुतेक वेळा सुरळीतही चालतो. तरी भिंतींचे फोटो, मीटरचा आकडा आणि ठरलेल्या चार गोष्टी एका कागदावर, एवढे दोघांच्याही भल्याचे आहे. मालकाचा अपमान होईल असे वाटते, पण मालकीणकाकूंसमोर बसून ‘कागद करून ठेवू’ म्हटले तर सहसा कोणी रागावत नाही.

याहून अवघड आक्षेप नात्यांचा आहे. सामान जोडपे विकत घेतेच कुठे, ते तर लग्नात येते. वधूचे आईवडील पलंग, कपाट, सोफा, कूलर आणि भांडी देतात आणि न दिल्यास चार माणसांत मान खाली जाईल असे त्यांना वाटते. मला हे वाटणे हलके लेखायचे नाही. मुलीच्या संसारात आपला हात असावा ही इच्छा माणुसकीचीच आहे. पण तिच्या आडून मागणी शिरते आणि वडिलांच्या डोक्यावर कर्ज चढते, हेही मराठवाड्यात कोणाला सांगायला नको. हुंडा मागणे १९६१ च्या कायद्याने गुन्हा आहे. आपखुशीने दिलेल्या भेटींचीही यादी ठेवावी असे १९८५ चे नियम सांगतात. तेव्हा मार्ग असा, की बोलणी करताना मुलाकडच्यांनीच पुढाकार घेऊन सांगावे: दोन खोल्यांचे घर आहे, मोठे सामान नको. हे वाक्य मुलाच्या तोंडून आले तर त्याला वजन असते. मुलीच्या बापाला ते स्वतःहून म्हणणे शक्य नसते. रुखवतात मांडलेल्या वस्तूंचेही तसेच. मैत्रिणींनी, मावश्यांनी महिनोन्महिने बसून केलेले मण्यांचे तोरण, लोकरीचे रुमाल, भरतकाम पेटीत कुजू नये. त्यातले दोन निवडून भिंतीवर लावावेत, बाकीचे कापडात गुंडाळून ठेवावेत आणि सणाप्रमाणे बदलावेत. सगळे एकदम टांगले की एकही नीट दिसत नाही.

कोणी म्हणेल, हे सगळे हिशेबाचे झाले, नव्या संसाराची हौस कुठे गेली? मला वाटते हौसेला जागा मिळते ती याच हिशेबामुळे. भिंत मोकळी असेल तरच तीवरची एक वस्तू दिसते. सेवाग्रामचे उदाहरण पाहा. १९३६ मध्ये तिथे गांधीजींसाठी पहिले घर उभे राहायचे होते तेव्हा शंभर रुपयांच्या वर खर्च नको आणि सामान जवळपासचेच हवे अशी त्यांची अट होती. पुढे बापू कुटी म्हणून ओळखली गेलेली झोपडी त्यांच्या शिष्येने, मीराबेनने, स्वतःसाठी बांधली होती. झोपडीच्या मातीच्या भिंतीवर तिने मातीच्याच उठावात ताडाची झाडे आणि चरखा काढला. नवरा-बायकोने आश्रमवासी व्हावे असे मी मुळीच म्हणत नाही. पाहण्यासारखे आहे ते एवढेच, की जिथे सामान जवळजवळ नाही तिथे हाताने काढलेले एक झाड सगळी खोली भारून टाकते.

दोन खोल्यांत ही किमया कापड आणि दिवा करतात. दोन्ही स्वस्त, दोन्ही सहज नेता येणारे. सोलापुरी चादर भौगोलिक मानांकन मिळालेली आहे आणि आठवडी बाजारातही तिचे ढीग असतात. खाटेवर तिचा एक ठळक रंग पुरेसा होतो. पडद्यांना जाड सुती किंवा खादी घ्यावी. राष्ट्रध्वज तयार करणारी मराठवाडा खादी ग्रामोद्योग समिती नांदेडलाच आहे, तेव्हा कापडासाठी लांब जायला नको. आणि दोन्हीकडच्या आयांच्या जुन्या लुगड्या-साड्यांची एक वाकळ शिवून घ्यावी. थंडीत ती अंगावर घेता येते, एरवी बसायच्या खाटेवर पसरता येते, आणि दोन घरांचे कापड तिच्यात एकत्र शिवलेले असते. दिव्यांत चूक एकच होते. सगळीकडे ६,५०० केल्व्हिनचा पांढरा फटफटीत बल्ब लावला जातो आणि खोली दुकानासारखी दिसू लागते. कामाच्या ओट्यावर तो राहू द्यावा. बसायच्या खोलीत २,७०० ते ३,००० केल्व्हिनचा पिवळसर दिवा, तोही छताऐवजी डोळ्यांच्या उंचीला, लावून पाहावा. किंमत तीच असते. भिंती बहुधा मालकाने गडद निळ्या किंवा हिरव्या डिस्टेंपरने रंगवलेल्या असतात आणि त्या उजेड गिळतात. सगळे घर रंगवणे परवडत नसेल तर खिडकीसमोरची एकच भिंत पांढरी करावी, आत येणारा उजेड तीच खोलीभर उडवते. तसबिरींसाठी वीस खिळे ठोकण्यापेक्षा एक लाकडी पट्टी दोन स्क्रूंनी बसवावी आणि सगळे त्या पट्टीला टांगावे. जाताना भोकेही दोनच बुजवायची राहतात.

शेवटचा मोह हप्त्यांचा. दुकानदार म्हणतो, आज काही द्यायचे नाही, व्याज शून्य टक्के. असे शून्य व्याज प्रत्यक्षात नसतेच, हे रिझर्व्ह बँकेने २०१३ मध्ये बँकांना स्पष्टपणे बजावले होते. कुठे प्रक्रिया शुल्क घेतले जाते, कुठे रोखीच्या गिऱ्हाइकाला मिळणारी सूट हप्तेवाल्याला मिळत नाही. १६,००० च्या मानधनात महिना दोन हजारांचा हप्ता म्हणजे आठवा हिस्सा, आणि तो दीड-दोन वर्षे चालतो. त्या काळात बदली झाली तर सोफा टेम्पोत आणि हप्ता खिशात. माझ्या मते पहिल्या सहा महिन्यांत छप्पर, पंखा, खाटा, मांडणी आणि कापड एवढ्यावरच थांबावे. मृग लागला की घर कुठे गळते, कोणती भिंत ओली होते, कपडे कुठे वाळतात हे कळते. मेमध्ये ज्या भिंतीला कपाट लावले असते तीच ओलीची निघाली तर कपाट गंजते आणि आतल्या साड्यांना डाग पडतात. दसऱ्याला हिंगोलीत मोठे प्रदर्शन भरते, दिवाळीला दुकानांत सूट असते. खरेदीला ती वेळ बरी, कारण तोवर दोघांनाही एकमेकांच्या सवयी माहीत झालेल्या असतात. तिला शिक्षक भरतीच्या परीक्षेचा अभ्यास करायचा असेल, तो शाळेच्या वह्या घरी आणून तपासत असेल, तर त्या घराला सोफ्याआधी भक्कम टेबल, दोन खुर्च्या आणि त्यावर एक चांगला दिवा हवा. हे मे महिन्यात, लग्नाच्या गडबडीत, कोणीच यादीत लिहिलेले नसते.